अँड पार्टी

तालुक्याच्या गावच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मी बत्तीस वर्षं सहायक होतो. नेमणुकीच्या कागदावर कामांची यादी मोठी होती, पण ज्या कामावर माझी नोकरी निभावली ते एकच : लेबलं लिहिणं. वालूरच्या शाळेत गुरुजींनी छडी घेऊन अक्षर वळवून घेतलं होतं, ते जन्मभर कामी आलं. माझ्याकडे साप, विंचू आणि चकव्याच्या गोष्टी असतील असं या अंकाच्या संपादकांना वाटतं. साप मला दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा माझ्यापेक्षा त्यालाच जास्त घाई होती. मी सांगणार आहे ती गोष्ट एका तीन बोटांच्या रकान्याची आहे. ती सांगताना मला स्वतःविषयी थोडं वाईट बोलावं लागणार आहे.

आधी काम काय असतं ते सांगतो. रानातलं झाड मुळासकट, फुलाफळासकट उपटायचं. त्याच्या देठाला नंबराची चिठ्ठी बांधायची. मग ते रद्दी कागदात पसरून दोन फळ्यांमध्ये पट्ट्यांनी करकचून आवळायचं. रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी येते. वाळलं की देठाच्या चिठ्ठी-दोऱ्यासकट पांढऱ्या जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं : झाडाचं नाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. असे कागद कपाटात रचायचे, डांबराच्या गोळ्या टाकायच्या. याला हर्बेरियम म्हणतात. नीट ठेवलं तर माणसापेक्षा जास्त टिकतं. या कामात एक नियम देवाच्या जागी आहे. एकदा लावलेलं लेबल कधी काढायचं नाही, त्यावर खाडाखोड करायची नाही. चूक सापडली तर शेजारी वेगळी चिठ्ठी चिकटवायची, खाली सही करायची, तारीख घालायची. जुनी चूक तिथेच राहते, सगळ्यांना दिसत.

आमचं मोठं काम झालं ते येलदरीच्या अलीकडे, पूर्णेच्या अडलेल्या पाण्याला लागून असलेल्या एका माळावर. माळ अप्पांचा. अप्पा लिंगायत, जमीन भरपूर, बोलणं मोजकं. धरणाच्या पाण्यानं त्यांची काळी जमीन गेली, वरचा मुरमाड माळ उरला. त्यावर त्यांनी ना नांगर घातला, ना गुरं सोडली, ना लाकूड तोडू दिलं. आमचे सर पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी कारण विचारलं. अप्पा म्हणाले, "महादेवाला वळू सोडत्यात का न्हाई? तसा ह्यो माळ सोडलाय. आता त्याला कुणी दावं लावायचं न्हाई."

सरांना तर घबाड सापडल्यासारखं झालं. मोकळी सोडलेली जमीन आपली आपण कशी भरून येते, कोणतं गवत आधी येतं, कोणतं मागून, हे दर वर्षी मोजत जायचं त्यांनी ठरवलं. एकोणऐंशीच्या पावसाळ्यापासून आम्ही दर रविवारी एस.टी.नं तिकडे जाऊ लागलो. कधी दोन-चार विद्यार्थी असायचे, बहुतेक वेळा सर आणि मी. माळाचे आम्ही पाच भाग पाडले : ओढ्याकडचा, मधला, बोरीचा, टेकाडावरचा आणि पाण्यालगतचा. प्रत्येक भागात चार खुंट्या ठोकून सुतळीची चौकट करायची आणि आत उगवलेलं एकूण एक रोप मोजायचं. सुरुवातीला नुसता तरोटा आणि कुसळी. कुसळं धोतरातून मांडीत शिरायची. मग हळूहळू मारवेल, पवन्या अशी चांगली गवतं दिसू लागली, बोरीच्या सावलीला मुसळी वर आली. चौथ्या वर्षी ओढ्याकडे विष्णुक्रांतेची निळी चादर पसरली तेव्हा सर चपला काढून बाजूला उभे राहिले. मीही काढल्या.

माळावर राखणदार होता किसन. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्याच्या गावातली बौद्धांची घरं जळाली, त्यात त्याचंही गेलं. बायको आणि दोन मुली घेऊन तो निघाला आणि अप्पांनी त्याला माळावर झोपडी बांधू दिली. वर्षाला ज्वारी, सणाला कपडा, असा करार. कागद काही नाही. किसन चौथी शिकलेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला मास्तर म्हणायचा. त्या वेळी यात काही खटकलं नाही.

माळ त्याला तळहातासारखा पाठ होता. सरांनी पुस्तकात चित्र दाखवावं आणि किसननं चालत जाऊन झाडापाशी उभं राहावं. पानं नसताना, नुसत्या वाळक्या काडीवरून तो गवत ओळखायचा. एकदा पालमहून एक गृहस्थ एस.टी. बदलत बदलत आमचा माग काढत आले. त्यांना पांढऱ्या फुलांचा पळस हवा होता, त्याच्या बुडाशी गुप्तधन असतं म्हणे. दिवसभर त्यांनी किसनला विड्या पाजल्या. किसननं विड्या ओढल्या, अख्खा माळ फिरवला आणि संध्याकाळी हात जोडून सांगितलं, असलं झाड इकडं न्हाई. ते गेल्यावर त्यानं आम्हाला पाण्याच्या कडेला नेऊन तो पळस दाखवला. "लेबलावर जागा लिवू नका, मास्तर," एवढंच म्हणाला. मी नुसतं 'माळ' लिहिलं. लेबलावर लिहिलेलं खरं धरलं जातं, हे त्याला आमच्याइतकंच कळत होतं.

दुपारी झोपडीपुढच्या लिंबाखाली आम्ही भाकरी खायचो. भाकरी किसनची बायको करायची. ती थोडी लांब, आमच्याकडे पाठ करून बसायची आणि मांडीवर अंबाडीचे तंतू वळत राहायची. झाडांना चिठ्ठ्या बांधायला दोरा लागायचा. कॉलेजचा दोरा संपला तेव्हापासून किसन तिच्या अंबाडीच्या दोरीनं चिठ्ठ्या बांधून आणू लागला. दोरीला गाठी असायच्या. मला वाटायचं, हौस असेल.

जेवण झालं की कागद बदलायचं काम. रद्दी कॉलेजच्या वाचनालयातली, वर्ष-दोन वर्षं जुनी मराठी वर्तमानपत्रं. अधूनमधून अडत्यांकडून आलेली उर्दूही. ओले कागद काढून कोरडे घालताना किसन एकेक पान उलगडून वाचत बसायचा, बोट ठेवून, ओठ हलवत. त्याच्यामुळे काम लांबायचं. एकदा मी जरा वैतागून विचारलं, की एवढं काय शोधतोस.

"आमच्या गावाचं नाव आलंय का बघायलोय."

"आलं?"

"न्हाई अजून."

मी पुढचा कागद घेतला.

आता माझी घोडचूक. बाहेर काम करताना चिठ्ठीवर नंबर पेन्सिलीनंच लिहायचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. पण मला माझ्या अक्षराचा भारी अभिमान. मी शाईच्या पेनानं लिहायचो. एका भादव्यात आम्ही आठवडाभराचा माल किसनच्या झोपडीत ठेवून गेलो आणि मागे पाऊस झोडपून गेला. छप्पर गळलं. रविवारी येऊन पट्ट्या सोडल्या तर एकूण एक चिठ्ठीवर निळं पाणी. झाडं शाबूत होती, पण कोणतं कुठल्या भागातलं, काही कळेना. जागा माहीत नसलेलं झाड म्हणजे आमच्या कामात नुसता पाचोळा. सर ओढ्याकडे जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

किसननं सगळा गठ्ठा उचलला आणि झोपडीत नेला. चहा होईपर्यंत तो बाहेर आला तो पाच ढीग घेऊन. "गाठी बघून लावलंय," म्हणाला. एक गाठ ओढ्याकडची, दोन मधल्या भागाच्या, तीन बोरीच्या, चार टेकाडाच्या, पाच पाण्यालगतच्या. सरांनी आपली वही काढून प्रत्येक भागाच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. एकही चूक निघाली नाही. सर इतके भारावले की त्यांनी किसनचे दोन्ही हात हातात घेतले. किसन संकोचला आणि मान वळवून मागे झोपडीकडे बघू लागला. मला तो त्याचा विनय वाटला.

त्या दिवशी दुपारी मी लिंबाखाली पक्की लेबलं लिहीत बसलो होतो. किसन शेजारी येऊन टेकला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "मास्तर, ह्याच्यावर माझं बी नाव लिवा की."

आमच्या लेबलांवर गोळा करणाऱ्याच्या रकान्यात सरांचं नाव आणि पुढे इंग्रजीत 'अँड पार्टी', म्हणजे 'आणि मंडळी', असायचं. तशी पद्धतच आहे, मोठमोठ्या संग्रहांत हेच लिहिलेलं असतं. मी त्याला रकाना दाखवला. म्हटलं, "किसन, तीन बोटांची जागा आहे रे. सरांचंच नाव कसंबसं बसतं."

"बरं," म्हणाला तो आणि उठून चुलीपाशी गेला.

पुढच्या वर्षी सरांनी सांगितलं, तू इतका राबतोस, तुझं नाव माझ्या नावापुढे घालत जा. मी घातलं. ते बसलं.

शहाऐंशीला अप्पा गेले. त्याच वर्षी सर निवृत्त होऊन लेकाकडे गेले आणि आमचं रविवारचं जाणं थांबलं. अप्पांच्या पुतण्यांनी माळ झाडं लावण्यासाठी एका सरकारी योजनेत दिला. तिथे एक राखणदार कायम नेमणार होते, राहायला पक्की खोली मिळणार होती. अट अशी की त्या जमिनीवर पाच वर्षं काम केल्याचा त्या काळातला लेखी पुरावा पाहिजे. किसन प्रयोगशाळेत आला. दोन मुली लग्नाच्या, गावाकडे जळकं जोतं, पुतणे माळावरून उठा म्हणालेले. पायरीशी चपला काढून तो आत आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या कपाटात माझी आठ वर्षं हायत. त्यातला येक कागद द्या."

मी कपाट उघडलं. एकामागून एक कागद काढून टेबलावर मांडले. सगळी झाडं त्यानं ओळखली. मग त्यानं विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

मी 'अँड पार्टी'वर बोट ठेवलं.

"ह्ये म्हंजे मी?"

"हो. तू आणि... सगळे."

"मग सायबाला कसं कळावं?"

मी साध्या कागदावर दाखला लिहून दिला, माझ्या सुंदर अक्षरात, खाली सही करून. तो घेऊन मी स्वतः त्याच्याबरोबर योजनेच्या कचेरीत गेलोही. साहेब भला माणूस होता. त्यानं दाखला वाचला, खुर्ची दिली आणि म्हणाला की हे तुम्ही काल लिहिलंत, मला तेव्हाचं पाहिजे. गाठींचं मी सांगितलं तेव्हा तो हसला नाही, पण गाठी काही त्याच्या फायलीत लागणार नव्हत्या. जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच्याकडे कागद होता.

शेजारी चिठ्ठी लावायची पद्धत मला तेव्हाही ठाऊक होती. चिठ्ठ्या लावून, विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का घेऊन गेलो असतो, तर साहेबाला निदान वर लिहिता आलं असतं. 'मला तेव्हा सुचलंच नाही' असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. ते खोटं आहे. सुचलं होतं. पण त्या वर्षांत आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट होते, दोन वेगळे चहाचे ट्रे यायचे. नामांतराचा विषय निघाला की मीच म्हणायचो, "नावानं काय पोट भरतं का?" लोक माना डोलवायचे. किसनसाठी चिठ्ठ्या घेऊन सहीला गेलो असतो तर मी कोणत्या ट्रेचा हे ठरून गेलं असतं. मी भ्यालो. ज्याची भाकरी नावं लिहिण्यावर चालली होती, त्या माणसानं नावानं पोट भरत नाही म्हणावं, याची लाज मला फार उशिरा वाटली.

किसन माळ सोडून पालमकडे गेला एवढं कानावर आलं. माळावर नंतर रांगेनं निलगिरी लागली. महादेवाला सोडलेला वळू धरून गाड्याला जुंपावा तसं झालं. विष्णुक्रांता, मुसळी, तो पळस, सगळं आता आमच्या कपाटातच उरलं आहे. एकदा बसमधून जाताना मी तिकडे बघितलं, पुन्हा कधी त्या बाजूच्या खिडकीला बसलो नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. कॉलेजात कुणी पेढे वाटले, कुणी दारं लावून घेतली. मी प्रयोगशाळेत जाऊन कपाट उघडलं. चिठ्ठ्या कापल्या आणि लिहायला बसलो : 'प्रत्यक्ष संकलन : किसन, माळाचे राखणदार', पुढे त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, खाली माझी सही आणि तारीख. विभागप्रमुख तेव्हा एक तरुण बाई होत्या. कसली परवानगी मागतोय ते मी चाचरत सांगितलं. त्यांनी एक कागद उजेडात धरून बघितला आणि एवढंच विचारलं, "इतकी वर्षं का थांबलात?" मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. त्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर सही केली. हे काम शिमग्यापर्यंत चाललं.

संग्रहातला कागद इमारतीबाहेर न्यायचा नसतो. मी एक नेला, कापडात गुंडाळून, पालमला. किसनराव एका आडत दुकानात झाडलोट आणि राखण करत होते. दुकानामागे पत्र्याची खोली. केस पूर्ण पिकलेले. त्यांनी मला ओळखलं, बाज टाकली, पाणी दिलं. बायको भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मी कागद उघडून बाजेवर ठेवला आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. किसनरावांनी ओठ हलवत आपलं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता ते रडतील, किंवा मी.

तेवढ्यात बाई सरकत पुढे आल्या. हात चाचपडत कागदावर आला, झाडाच्या देठाशी थांबला. जुनी अंबाडीची दोरी त्यांच्या बोटांना सापडली.

"चार गाठी," त्या म्हणाल्या. "टेकाडावरलं हाय."

किसनराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगलं केलंत, मास्तर. पर गाठी हिच्या हायत. ह्ये सगळं तिनंच धरलं. मी मारलेली गाठ तर सुटायची. त्या पावसाच्या वक्ताला बी आत बसून हिनंच लावून दिलं, मी निस्तं भाईर आणलं." मग त्यांनी विचारलं, "हिचं कुठं लिवलंय?"

मी म्हटलं, अजून एक चिठ्ठी लावता येते. नियमात बसतं. घाईनं चहा घेतला आणि मिळेल त्या बसनं परतलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोरी चिठ्ठी पुढे घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि तसाच बसून राहिलो. मला त्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. आठ वर्षं त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, त्यांच्या दोरीनं बांधलेली शेकडो झाडं हाताळली, पण आमच्या तोंडी त्या कायम 'किसनची बायको' होत्या. नाव विचारायला मला पुढच्या रविवारी पुन्हा पालमला जावं लागलं.

मी का आलो ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कोणतं लिवता, भाऊ? सासरी आल्यावर ह्यांनी शेवंता ठिवलं. त्याच्या आदीचं येगळं हाय."

"तुम्ही सांगाल ते."

त्यांची बोटं मांडीवर हलत होती, नसलेली दोरी वळत असल्यासारखी. "पोर कवा जल्मलं, किती म्हैने झाले, ह्ये माय गाठीवर धरायची," त्या म्हणाल्या. "तिच्यापाशी शिकले मी. तवा माहेरचं लिवा. पारू. पारू लिंबाजी."

मी शाईचं पेन खिशातच राहू दिलं आणि पेन्सिलीनं लिहून घेतलं.